भित्रा, भीरू आणि भ्याड : शब्दांच्या अर्थच्छटा

प्रस्तावना

एखादा माणूस एखाद्या प्रसंगी मागे हटला, की त्याच्याविषयी चार तोंडांनी चार शब्द निघतात. शेजारी म्हणतो, 'तो भित्राच आहे.' त्याच्याशी वैर असलेला म्हणतो, 'भेकड कुठला!' वर्तमानपत्र त्याच्या वागण्याला 'भ्याडपणा' म्हणते. आणि त्याची आई म्हणते, 'तो घाबरला होता हो.' प्रसंग एकच आणि माणूसही एकच. परंतु ह्या चार वाक्यांतून चार निरनिराळी माणसे आपल्यासमोर उभी राहतात.

शब्दकोशात हे शब्द एकमेकांशेजारी दिलेले असतात, म्हणून ते एकमेकांच्या जागी खुशाल वापरता येतात असा समज होतो. प्रत्यक्षात प्रत्येक शब्दाची स्वतःची छटा असते. काही शब्द केवळ वर्णन करतात, काही दोष देतात, तर काही आयुष्यभराचा डाग लावतात. धैर्याचा अभाव दाखवणाऱ्या शब्दांच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे; कारण चुकीचा शब्द वापरला, तर भाषेबरोबर माणसावरही अन्याय होतो. प्रस्तुत पाठात अशा शब्दांच्या अर्थच्छटा समजून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हांला –

- भीती दाखवणाऱ्या मराठी शब्दांतील सूक्ष्म फरक सांगता येईल;
- स्वभाव सांगणारे शब्द आणि दोष देणारे शब्द वेगळे करता येतील;
- हिंदी व इंग्रजी शब्दांसाठी योग्य मराठी प्रतिशब्द निवडता येईल;
- प्रसंग पाहून नेमका शब्द वापरता येईल.

१. एका धातूचे कुळ

संस्कृतमध्ये 'भी' हा भिणे ह्या अर्थाचा धातू आहे. भय, भीती, भीरू हे शब्द त्यापासून झाले. गंमत अशी, की भीम, भीष्म आणि भीषण हे शब्दही त्याच धातूपासून झाले आहेत. जो भितो तो भीरू आणि ज्याला इतर भितात तो भीम! एकाच धातूतून भिणारा आणि भिववणारा असे दोन्ही शब्द निघाले.

मराठीत ह्याच कुळातले 'भिणे' हे क्रियापद आहे. त्याचे भूतकाळी रूप 'भ्याला' असे होते. आज बोलताना आपण 'घाबरला' असे अधिक म्हणतो. परंतु भित्रा आणि भ्याड ही विशेषणे जुन्या 'भिणे'शी असलेले नाते अजून सांगतात. मूळ एक असले, तरी आजच्या मराठीत ह्या दोन शब्दांचे अर्थ बरेच दूर गेले आहेत. ते किती दूर गेले, हे पुढे पाहू.

२. स्वभाव सांगणारे शब्द

भित्रा हा ह्या गटातील सर्वांत साधा शब्द. ज्याला सहज भीती वाटते तो भित्रा. अंधाराला भिणारे मूल भित्रे असते, कुत्र्याला पाहून रस्ता बदलणारा माणूस भित्रा असतो. ह्या शब्दात थोडी थट्टा असेल, थोडी तक्रार असेल. पण तिरस्कार क्वचितच असतो. म्हणूनच आजी नातवाला प्रेमाने 'भित्री भागूबाई' म्हणू शकते.

घाबरट ह्या शब्दात भीतीपेक्षा गोंधळ अधिक आहे. दाराची कडी वाजली तरी जो दचकतो, साधे पत्र आले तरी ज्याला वाईट बातमीची शंका येते, तो घाबरट. घाबरट माणूस पळून जाईलच असे नाही. पण त्याचे चित्त ठिकाणावर राहत नाही.

बुजरा ह्या शब्दामागे 'बुजणे' हे क्रियापद आहे. अनोळखी वस्तू पाहून बैल बुजतो, घोडा बुजतो. अनोळखी माणसांसमोर ज्याचे तसे होते तो बुजरा. सभेत चार वाक्ये बोलायची झाली तर बुजऱ्या माणसाला घाम फुटतो. परंतु तोच माणूस पुराच्या पाण्यात उडी घालून दुसऱ्याचे प्राण वाचवू शकतो. बुजरेपणा हा संकोच आहे. त्याला धैर्याचा अभाव म्हणता येत नाही.

भीरू हा तत्सम शब्द आज एकट्याने फारसा येत नाही; समासात मात्र तो अजून टिकून आहे. 'पापभीरू' म्हणजे पाप करायला भिणारा. हे दूषण नव्हे, भूषण आहे. एखाद्या दुकानदाराला आपण पापभीरू म्हणतो, तेव्हा तो मापात खोट करणार नाही अशी ग्वाहीच देत असतो. भीतीलाही कधी कधी मान मिळतो, हे ह्या शब्दावरून दिसते.

कातर हा शब्द आणखी वेगळा. त्यात भीती आहे, पण तिच्यासोबत हळवेपणा आणि हुरहूरही आहे. मुलगा परगावी निघाला, की आईचा स्वर कातर होतो. दिवस मावळताना मन उगाच अस्वस्थ होते, म्हणून त्या वेळेला आपण 'कातरवेळ' म्हणतो. इथे दोषाचा स्पर्शही नाही.

३. दोष देणारे शब्द

आता दुसऱ्या गटाकडे वळू. ह्या गटातील शब्द वर्णनावर थांबत नाहीत. ते निवाडा देतात.

भेकड म्हणजे ज्याच्या भित्रेपणाची चीड यावी असा. भित्र्याची कीव येते, भेकडाचा तिरस्कार वाटतो. दुबळ्यावर आवाज चढवणारा आणि बलवानासमोर मान खाली घालणारा माणूस भेकड ठरतो.

भ्याड ह्या शब्दाचा रोख माणसाच्या स्वभावापेक्षा त्याच्या कृतीवर अधिक असतो. हा फरक पाहण्यासाठी दोन वाक्ये घेऊ : 'ससा भित्रा आहे' आणि 'ससा भ्याड आहे'. पहिले वाक्य सहज पटते, दुसरे कानाला खटकते. का बरे? पळून जीव वाचवणे हाच सशाचा धर्म आहे. थांबून लढण्याची जबाबदारी त्याच्यावर कोणी टाकलेली नाही. 'भ्याड' म्हणण्यासाठी समोरच्यावर काही कर्तव्य असावे लागते, ते पार पाडण्याची शक्ती त्याच्यापाशी असावी लागते आणि तरीही त्याने ते टाळलेले असावे लागते. म्हणून पहाऱ्यावरचा शिपाई भ्याड ठरू शकतो. पाळण्यातले मूल कधीच ठरत नाही.

'भ्याड हल्ला' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत वारंवार येतो. हल्ला करणारा स्वतःचा जीव धोक्यात घालत असेल, तर त्याला भ्याड का म्हणावे, असा प्रश्न काहींना पडतो. ह्याचे उत्तर शब्दाच्या रोखात आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत दहशतवाद्यांनी रेल्वे स्थानकावरच्या निःशस्त्र प्रवाशांवर गोळ्या झाडल्या. ज्यांना प्रतिकार करताच येणार नाही अशांवर शस्त्र उगारणे, ह्या निवडीला 'भ्याड' म्हटले जाते. त्याच रात्री गिरगाव चौपाटीजवळ साहाय्यक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे ह्यांनी हाती बंदूक नसताना हल्लेखोराच्या रायफलीची नळी धरून ठेवली. गोळ्या झेलून त्यांनी प्राण दिले. पण तो हल्लेखोर जिवंत पकडला गेला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. त्या क्षणी त्यांना भीती वाटली की नाही, हे कोणीही सांगू शकणार नाही, आणि तसे सांगण्याची गरजही नाही. भीती वाटणे आणि भ्याड असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे ह्या प्रसंगावरून पुरेसे स्पष्ट होते.

पळपुटा हा शब्द जबाबदारीतून पाय काढून घेणाऱ्यासाठी आहे. रणांगण सोडणारा जसा पळपुटा, तसाच प्रश्नाचे उत्तर टाळणारा आणि आपली चूक दुसऱ्यावर ढकलणाराही पळपुटाच. नेभळट आणि शेळपट हे शब्द कणा नसलेल्या माणसाविषयी वापरतात; जो कोणी दटावले की दबतो आणि आपला हक्कही मागत नाही, तो नेभळट. शेंदाड शिपाई हा तर मजेदार शब्दप्रयोग. शिपायाचा डौल सगळा आहे, मिशांना पीळ आहे. प्रसंग आला की मात्र हा गडी सर्वांत मागे. बढाई आणि भित्रेपणा एकत्र आले, की शेंदाड शिपाई तयार होतो.

पाठगत प्रश्न – १

कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.

(अ) ते दुकानदार इतके ........ आहेत, की एक रुपयाही जास्त घेत नाहीत. (भेकड / पापभीरू / घाबरट)

(आ) हरिण हा ........ प्राणी आहे. (भ्याड / पळपुटा / भित्रा)

(इ) झोपलेल्या माणसावर वार करणे हे ........ कृत्य होय. (भ्याड / बुजरे / कातर)

४. क्षणाची भीती आणि विराटपुत्र उत्तर

भीती ही पुष्कळदा क्षणापुरती असते. अशा वेळी माणसाला विशेषण चिकटवण्यापेक्षा क्रियापद किंवा वाक्प्रचार वापरणे अधिक योग्य. मराठीत अशा वाक्प्रचारांची श्रीमंती मोठी आहे. हातपाय गळणे, बोबडी वळणे, गर्भगळीत होणे, पाचावर धारण बसणे, अवसान गळणे, घाबरगुंडी उडणे – हे सारे वाक्प्रचार 'त्या वेळी काय झाले' एवढेच सांगतात. 'तो असाच आहे' असा शिक्का ते मारत नाहीत. त्यांच्याशेजारी 'कच खाणे', 'शेपूट घालणे' आणि 'पाठ दाखवणे' हे वाक्प्रचार ठेवून पाहा. ह्यांत मात्र माघारीचा दोष आहे. पहिल्या गटातला माणूस भीतीने ग्रासला आहे, दुसऱ्या गटातला भीतीला शरण गेला आहे.

हा फरक समजण्यासाठी महाभारतातील विराटपुत्र उत्तराची कथा उपयोगी पडते. कौरवांनी विराटाच्या गाई पळवल्या. राजा दुसऱ्या बाजूच्या लढाईत गुंतला होता. नगरात राहिलेला तरुण राजपुत्र उत्तर अंतःपुरात बढाया मारू लागला, की चांगला सारथी मिळाला तर आपण एकटे कौरवांना जिंकू. बृहन्नडेच्या वेषात राहणारा अर्जुन त्याचा सारथी झाला. समोर कौरवांचा सेनासागर दिसताच उत्तराचे अवसान गळाले. तो रथातून उडी टाकून पळत सुटला.

इथपर्यंतच्या उत्तराला आपण काय म्हणू? घरात शेंदाड शिपाई आणि रणात पळपुटा, असेच म्हणावे लागेल. परंतु कथा इथे संपत नाही. अर्जुनाने त्याला धावत जाऊन पकडले, धीर दिला आणि सांगितले, की तू लगाम धर, मी लढतो. काही वेळापूर्वी पळालेल्या त्याच उत्तराने त्याच सेनेसमोर रथ हाकला. पुढे कुरुक्षेत्रावरच्या युद्धाच्या पहिल्याच दिवशी तो शल्याशी लढला आणि रणात पडला.

अर्जुनाने त्याला 'भ्याड' म्हणून सोडून दिले असते, तर उत्तराची ओळख तेवढीच राहिली असती. त्याने उत्तराची भीती नाकारली नाही. पण त्या भीतीला त्याचे नावही होऊ दिले नाही. वर्गात, घरात आणि कामाच्या ठिकाणी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लहानपणी 'भित्रा' हा शिक्का बसलेली मुले मोठेपणीही तो वागवत राहतात. पुन्हा शिकायला सुरुवात करणाऱ्या प्रौढ व्यक्तीला परीक्षेच्या दिवशी धडकी भरली, तर ती घाबरली एवढेच खरे. ती परीक्षेला बसली, हे त्याहून अधिक खरे.

५. इतर भाषांतून मराठीत येताना

भारतात अनेक ठिकाणी मराठी भाषक हिंदी, गुजराती, कन्नड वा तमिळ भाषकांच्या शेजारी राहतात. त्यामुळे दुसऱ्या भाषेतील शब्द मराठीत आणताना कधी कधी फसगत होते.

हिंदीतील 'कायर' हा शब्द संस्कृतमधील 'कातर' ह्या शब्दावरून आला आहे. मराठीतही 'कातर' आहे. पण आपण वर पाहिले, की त्याचा अर्थ हळवा, व्याकूळ असा होतो. मूळ एक असूनही हिंदीत तो शब्द दूषण झाला आणि मराठीत तो कोमल राहिला. म्हणून 'कायर'साठी मराठीत भ्याड किंवा भेकड म्हणावे; 'कातर' म्हणू नये. हिंदी-उर्दूतील 'बुजदिल' आणि मराठीतील 'बुजरा' हे शब्दही ऐकायला जवळचे वाटतात. परंतु त्यांचे काहीच नाते नाही. 'बुजदिल' हा फारसी शब्द आहे. 'बुज' म्हणजे शेळी आणि 'दिल' म्हणजे हृदय. अर्थात शेळीच्या काळजाचा. त्याला मराठीत 'शेळपट' हा शब्द किती जवळचा आहे पाहा! 'डरपोक' हा शब्द मराठीत रुळला आहे आणि तो 'भित्रा' व 'भेकड' ह्यांच्या मध्ये कुठेतरी बसतो.

इंग्रजीतही हाच प्रश्न येतो. 'टिमिड', 'फिअरफुल', 'कॉवर्ड' आणि 'कॉवर्डली' ह्या सर्वांसाठी 'भित्रा' हा एकच शब्द लिहिला, तर अर्थ बिघडतो. 'टिमिड' हा शब्द भिणे ह्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला. त्याला 'भित्रा' किंवा संदर्भानुसार 'बुजरा' म्हणता येईल. 'फिअरफुल' म्हणजे भयभीत. त्यात स्वभाव नसून त्या वेळची अवस्था असते. 'कॉवर्ड' हा निंदाव्यंजक शब्द आहे. त्याला 'भ्याड' किंवा 'भेकड' म्हणावे. 'कॉवर्डली' हे विशेषण कृतीला लागले, तर 'भ्याड' हाच नेमका शब्द.

'कॉवर्ड' ह्या शब्दाची व्युत्पत्ती मनोरंजक आहे. तो जुन्या फ्रेंच भाषेमार्गे लॅटिनमधील शेपूट ह्या अर्थाच्या शब्दापर्यंत जातो. मराठीतला 'शेपूट घालणे' हा वाक्प्रचार लगेच आठवतो. दोन दूरच्या भाषांना भित्रेपणासाठी तीच प्रतिमा सुचली! इंग्रजीत भित्र्या माणसाचे यकृत पांढरे असते असे म्हणण्याची जुनी रीत होती, कारण धैर्य यकृतात राहते अशी समजूत होती. मराठीत आपण 'सशाचे काळीज' म्हणतो. आज काळीज म्हणजे हृदय असे आपण समजतो. परंतु ह्या शब्दाचा मूळ अर्थही यकृत असाच आहे.

६. शब्दाची किंमत

एखादा शब्द चुकला तर एवढे काय बिघडते, असे कोणाला वाटेल. काही वेळा त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागली आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात भ्याडपणा हा मृत्युदंडाचा गुन्हा होता. हॅरी फार हा सैनिक फ्रान्समधील आघाडीवर लढत होता. तोफांच्या सततच्या भडिमाराने त्याच्या मनावर आघात झाला आणि १९१५ साली त्याला अनेक महिने रुग्णालयात राहावे लागले. तेथून तो पुन्हा आघाडीवर गेला. सप्टेंबर १९१६ मध्ये मात्र, आता आपल्याला हे सहन होत नाही, असे सांगून त्याने पुढे जाण्यास नकार दिला. लष्करी न्यायालयाने त्याला भ्याडपणाबद्दल दोषी ठरवले आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. तो आजारी होता. पण त्याच्या अवस्थेसाठी न्यायालयाने निवडलेला शब्द 'आजार' हा नव्हता. त्या महायुद्धात पळून जाणे, भ्याडपणा इत्यादी गुन्ह्यांसाठी देहदंड झालेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ साली कायद्याने क्षमा केली. नव्वद वर्षांनंतर तो डाग पुसला गेला.

भारताच्या सेना अधिनियम १९५० मध्येही शत्रूसमोर भ्याडपणाचे वर्तन करणे हा गंभीर गुन्हा मानला आहे, आणि ते योग्यच आहे. कारण सैनिकाच्या कर्तव्यावर इतरांचे प्राण अवलंबून असतात. परंतु म्हणूनच हा शब्द वापरण्यापूर्वी, माणूस कर्तव्य टाळत होता की त्याची शक्तीच संपली होती, ह्याचा शोध घेणे आवश्यक ठरते.

शब्दाच्या वापरात उलट बाजूची चूकही होते. भ्याडपणालाच सहनशीलता किंवा शांतताप्रियता असे गोंडस नाव दिले जाते. महात्मा गांधींनी ह्याविषयी 'यंग इंडिया'च्या ११ ऑगस्ट १९२० च्या अंकात स्पष्ट विचार मांडला. भ्याडपणा आणि हिंसा ह्या दोहोंतूनच निवड करायची वेळ आली, तर आपण हिंसेचा सल्ला देऊ, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अहिंसा ही हिंसेहून श्रेष्ठ आहे, असेही त्यांनी त्याच लेखात सांगितले. ज्याच्यात प्रतिकाराचे बळ आहे त्याने हात आवरणे ही क्षमा; भीतीने हात न उचलणे ही क्षमा नव्हे. अहिंसेच्या पुरस्कर्त्यानेच भीतीला अहिंसेचे नाव देण्यास नकार दिला, हे लक्षणीय आहे.

७. जपून वापरावयाचे शब्द

भित्र्या पुरुषाला हिणवण्यासाठी 'बायल्या' म्हणणे किंवा 'बांगड्या भर' असे म्हणणे आपल्याकडे रूढ आहे. ह्या प्रयोगांत स्त्री म्हणजे भित्री असे गृहीत धरलेले असते. इतिहास हे गृहीत खोटे ठरवतो. १७०० साली राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर महाराणी ताराबाईंनी औरंगजेबाविरुद्धचा लढा पुढे चालवला. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी १८५८ साली लढता लढता प्राण ठेवला. सावित्रीबाई फुले पुण्यात मुलींना शिकवायला जात, तेव्हा लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल टाकत; तरी त्यांनी शाळेची वाट सोडली नाही. ह्या सर्वजणी स्त्रियाच होत्या! शरीराच्या एखाद्या उणिवेवरून भित्रेपणाची शिवी बनवणे हेही तसेच अनुचित आहे. 'भेकड', 'पळपुटा', 'नेभळट' असे पुरेसे शब्द मराठीत असताना, कोणाच्याही लिंगाचा वा देहाचा अपमान करण्याचे कारण नाही.

८. निवड कशी करावी?

शब्द निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

१. ही भीती त्या क्षणापुरती आहे की स्वभावातच आहे?

२. त्या माणसावर काही कर्तव्य होते का, आणि ते पार पाडण्याची शक्ती त्याच्यापाशी होती का?

३. आपल्याला वर्णन करावयाचे आहे की निंदा?

एक उदाहरण घेऊ. एका वस्तीत रात्री आग लागली. आगीच्या ज्वाळा पाहून एका आजींचे हातपाय गळाले आणि त्या जागीच बसल्या. एक मुलगा थरथर कापत होता. तरी त्याने शेजारच्या गोठ्यातील वासराचे दावे सोडले. 'काही झाले तर मी आहे' असे नेहमी सांगणारे एक गृहस्थ गर्दीत दिसेनासे झाले. पाण्याच्या पंपाची किल्ली ज्याच्याकडे होती तो रखवालदार किल्ली घेऊनच निघून गेला. एका बाईने आगीत शिरू पाहणाऱ्या तरुणांना अडवले आणि आधी विजेचे मुख्य बटण बंद करायला लावले.

आता तीन प्रश्न लावून पाहा. आजी घाबरल्या, त्यांना ह्यापलीकडे कोणताही शब्द लावणे अन्यायाचे होईल. मुलाला भीती वाटत होती, तरी त्याने काम केले. म्हणजे तो धीट ठरतो. गृहस्थ शेंदाड शिपाई निघाले. रखवालदाराचे वागणे भ्याडपणाचे आणि पळपुटेपणाचे होते. कारण कर्तव्य त्याचे होते आणि साधनही त्याच्याच हाती होते. बाईंनी तरुणांना मागे खेचले म्हणून कोणी त्यांना भित्र्या म्हणेल. पण त्यांच्यासाठी नेमका शब्द 'सावध' हा आहे. सावधपणा आणि भित्रेपणा बाहेरून सारखे दिसतात. सावध माणूस काम नीट व्हावे म्हणून थांबतो, भित्रा माणूस काम टळावे म्हणून थांबतो.

असेच एक उदाहरण रोजच्या जीवनातले. मजुरी कमी मिळूनही एखादी बाई मुकादमासमोर गप्प राहते. तिला 'नेभळट' म्हणणे सोपे आहे. परंतु उद्याचे काम गेले तर घरची चूल पेटणार नाही, हे तिला ठाऊक असते. तिची लाचारी आणि भित्रेपणा ह्यांत फरक करणारा शब्द शोधला, तर कदाचित तिच्या बाजूने बोलायलाही कोणी पुढे येईल.

भीती सर्वांनाच वाटते. तिचे पुढे माणूस काय करतो, ह्यावर त्याला लावायचा शब्द ठरतो. आणि तो शब्द उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबणे, ही बोलणाऱ्याची जबाबदारी आहे.

आपण काय शिकलो?

- भित्रा, घाबरट, बुजरा हे शब्द मुख्यतः स्वभाव सांगतात. भेकड, भ्याड, पळपुटा हे शब्द दोष देतात.
- 'भ्याड' ह्या शब्दात टाळलेल्या कर्तव्याचा अर्थ आहे. तो बहुधा कृतीला लागतो.
- 'पापभीरू' ह्या शब्दात भीतीचा गौरव आहे, तर 'कातर' ह्या शब्दात हळवेपणा आहे.
- क्षणापुरत्या भीतीसाठी विशेषणापेक्षा वाक्प्रचार वापरणे योग्य.
- दुसऱ्या भाषेतील शब्दाला प्रतिशब्द देताना केवळ ध्वनिसाम्यावर विसंबून राहू नये.

स्वाध्याय

१. 'ससा भ्याड आहे' हे वाक्य का खटकते, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

२. विराटपुत्र उत्तराच्या वागण्यात कोणते बदल झाले? प्रत्येक टप्प्यासाठी योग्य शब्द सुचवा.

३. भित्रेपणा आणि सावधपणा ह्यांतील फरक तुमच्या अनुभवातील प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा : कच खाणे, बोबडी वळणे, शेपूट घालणे, अवसान गळणे.

५. तुमच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या दुसऱ्या एखाद्या भाषेत भित्र्या माणसासाठी कोणते शब्द आहेत? त्यांची यादी करून प्रत्येकासमोर जवळचा मराठी शब्द लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) पापभीरू (आ) भित्रा (इ) भ्याड